वर्ध्यात ऑफिस शोधायचंय? कंपनीसाठी योग्य जागा फोनवरून कशी पारखायची, सविस्तर माहिती



कुठल्याही प्रॉपर्टी अ‍ॅपवर जा, शहर 'वर्धा' निवडा, प्रकार 'ऑफिस' निवडा आणि शोधा. पुण्यातल्या बाणेरसाठी जाहिराती बघता बघता बोट दुखतं, वर्ध्यासाठी मात्र मोजक्याच दिसतात. पुण्या-मुंबईत बसून 'नवी शाखा कुठे काढायची' हे ठरवणारा माणूस हीच स्क्रीन बघतो, 'वर्ध्यात जागाच नाही' असं समजतो आणि नागपूरच्या मिहानकडे वळतो.

खरं तर जागा असते. रिकामे मजले असतात, बाहेर 'भाड्याने देणे आहे' अशी पाटीही असते, फक्त ती पाटी इंटरनेटवर नसते. नुकसान एकट्या घरमालकाचं होत नाही. सेवाग्रामच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलामुलींची घराजवळची नोकरीही त्या रिकाम्या स्क्रीनमुळे जाते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि मूळचा वर्धा जिल्ह्यातला. ओळखीच्या एक-दोन छोट्या कंपन्यांसाठी इथल्या जागांची यादी करून दिली, तेव्हा एक गोष्ट पक्की कळली. योग्य ऑफिस म्हणजे चार प्रश्नांची उत्तरं. माणसं वेळेवर पोहोचतील का? इंटरनेट टिकेल का? वीज पुरेल का? कागद खरे आहेत का? भाड्याचा प्रश्न त्यानंतर येतो. यातलं बरंचसं तुम्ही हातातल्या फोनवर तपासू शकता. चला तर मग, एकेक पायरी पाहूया.

१. सगळ्यात आधी पत्ता पक्का करा

पत्त्याच्या घोळाचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याच्या मुख्यालयासाठी जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातली स्वतःची बाग आणि घर दिलं. तीच आजची मगनवाडी. जे. सी. कुमारप्पा तिथूनच संघाचं काम बघायचे. देशभर काम करणाऱ्या संस्थेला रेल्वे जंक्शन, टपाल आणि तार असलेलं गाव मिळालं.

१९३६ मध्ये गांधीजी वर्ध्यापासून सुमारे ८ किलोमीटरवरच्या सेगाव या खेड्यात राहायला गेले. तिथे अडचण आली पत्राची. बुलढाणा जिल्ह्यातलं शेगाव रेल्वेमार्गावर, नावं जवळजवळ सारखी, त्यामुळे टपाल भलतीकडे जायचं. शेवटी १९४० मध्ये गावाचं नावच बदलून 'सेवाग्राम' केलं. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच नावाच्या दोन नोंदी होत्या, म्हणून एका नोंदीला वेगळी ओळख द्यावी लागली.

हा घोळ आजही मॅपवर होतो. 'आष्टी' टाकलं तर बीडची आष्टी येऊ शकते. 'कारंजा' टाकलं तर वाशिमचं कारंजा लाड येतं, आपलं कारंजा घाडगे मागे राहतं. 'सेलू' म्हटलं की परभणीचं सेलू पुढे येतं. म्हणून जागा शोधताना नावासोबत जिल्हा आणि पिनकोड नेहमी टाका. वर्धा शहर ४४२००१, सेवाग्राम ४४२१०२, हिंगणघाट ४४२३०१.

अजून नेमकं हवं असेल तर डिजिपिन वापरा. भारतीय टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आणलेली ही पद्धत देशाचे साधारण ४ मीटर बाय ४ मीटरचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनाला १० अक्षर-अंकांचा कोड देते. टपाल खात्याच्या डिजिपिन पेजवर लोकेशन चालू केलं की कोड मिळतो. इमारतीच्या दारात उभं राहून तो घ्या आणि कंपनीला पाठवा. 'बस स्टँडच्या मागे, मेडिकलच्या वर' असा पत्ता हैदराबादच्या माणसाला कळत नाही, कोड कळतो.

२. माणसं कुठून येणार?

इमारत आवडली म्हणून जागा घ्यायची आणि मग माणसं शोधायची, हा उलटा क्रम आहे. आधी कोण कुठून येणार याची यादी करा. नावं नकोत, फक्त गाव किंवा पिनकोड आणि गाडी, एसटी की रेल्वे, एवढं पुरे.

आता जिल्ह्याचा रेल्वे नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबईकडची लाईन वर्धा जंक्शनवरून पुलगावकडे जाते. दिल्ली-चेन्नई लाईन सेवाग्राम स्टेशनवरून हिंगणघाटकडे जाते. दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या बऱ्याच गाड्या सेवाग्रामला थांबतात, वर्धा जंक्शनला येतच नाहीत. म्हणजे पुलगावचा मुलगा वर्ध्याला उतरणार आणि हिंगणघाटची मुलगी सेवाग्रामला. दोन्ही स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यातली जागा दोघांनाही सोयीची, आणि हे प्रॉपर्टी अ‍ॅपवरचं कुठलंही फिल्टर सांगत नाही. देवळीसाठी आणखी एक पर्याय आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गातला वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला आणि देवळी त्यावर येते. गाडीची वेळ ऑफिसच्या वेळेला जुळते का, हे रेल्वेच्या एनटीईएस अ‍ॅपवर बघा.

समृद्धी महामार्गाबाबत एक काळजी घ्या. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता आपल्या जिल्ह्यातून जातो. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण रस्ता. मॅप त्या रस्त्याने झकास वेळ दाखवतो. पण समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही. तुमची निम्मी टीम बाईकवर येणार असेल तर मॅपमध्ये कारऐवजी बाईक निवडूनच वेळ बघा.

आयसोक्रोन म्हणजे काय? एखाद्या ठिकाणापासून ठरावीक वेळेत, समजा ४५ मिनिटांत, जिथपर्यंत पोहोचता येतं तो सगळा भाग नकाशावर रंगवला की त्याला आयसोक्रोन म्हणतात. तो गोल येत नाही. रस्ता चांगला तिकडे लांब पसरतो, नदीला पूल नाही तिथे आखूड होतो. ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटावर चालणाऱ्या ओपनरूटसर्व्हिससारख्या साधनांनी तो मोफत काढता येतो. तुमच्या यादीतली किती माणसं त्या रंगवलेल्या भागात बसतात ते मोजा.

इथे सरासरी काढू नका. वीसपैकी पंधरा जण दहा मिनिटांत येतात आणि पाच जणांना दीड तास लागतो, तर सरासरी अर्धा तास येते आणि सगळं छान दिसतं. प्रत्यक्षात ते पाच जण सहा महिन्यांत नोकरी सोडतात. म्हणून एक कमाल मर्यादा ठेवा, उदाहरणार्थ 'कोणालाही ६० मिनिटांपेक्षा जास्त नको'. संध्याकाळची शेवटची एसटी किती वाजता सुटते हेही लिहून ठेवा. मॅपवर ते बरेचदा नसतं, स्टँडवरच्या चौकशी खिडकीत मिळतं. ऑफिस साडेसहाला सुटतं आणि गावाकडची शेवटची गाडी सहाला गेलेली असते, मग घरचे मुलीला म्हणतात, 'राहू दे ती नोकरी.' जागेचा निर्णय असा कोणाच्या तरी घरापर्यंत जातो.

३. किती जागा लागेल? कार्पेट आणि सुपर बिल्ट-अप

जाहिरातीत '२००० स्क्वेअर फूट' लिहिलेलं असतं. पहिला प्रश्न विचारायचा: कोणते?

- कार्पेट एरिया: भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा. थोडक्यात, जिथे सतरंजी अंथरता येते ती.
- बिल्ट-अप एरिया: कार्पेट अधिक भिंतींची जाडी वगैरे.
- सुपर बिल्ट-अप एरिया: वरचं सगळं अधिक जिना, लिफ्ट, लॉबी यांचा तुमचा वाटा.

कार्पेटवर जे वाढवून धरतात त्याला बाजारात 'लोडिंग' म्हणतात. समजा २००० स्क्वेअर फूट सुपर बिल्ट-अप, दर २० रुपये, म्हणजे महिना ४०,००० रुपये. मोजल्यावर कार्पेट १४८० निघालं. तर तुमचा खरा दर ४०,००० भागिले १४८०, म्हणजे सुमारे २७ रुपये. दोन जागांची तुलना नेहमी याच दराने करा.

बसायच्या जागेचा अंदाज: टेबल, येण्याजाण्याची वाट, छोटी मीटिंग रूम आणि पाण्याची जागा धरून माणशी ६० ते ८० स्क्वेअर फूट कार्पेट धरा. २० माणसांना ७५ च्या हिशेबाने १५०० लागतील. फोनमधल्या 'मेजर' प्रकारच्या अ‍ॅपने खोलीचा अंदाज येतो, पण करारापूर्वी टेपनेच मोजा. खांब कुठे आहेत तेही बघा. मधोमध खांब असेल तर चार टेबलांची जागा जाते.

४. इंटरनेट टिकेल का?

सेवाग्राम आश्रमात गेलात तर बापूंच्या दफ्तरात जुना टेलिफोन बघायला मिळतो. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून ती लाईन बसवण्यात आली होती. माणूस खेड्यात गेला की तारही त्याच्या मागे न्यावी लागते, हे तेव्हाही खरं होतं. आज ती तार फायबरची आहे.

जागेवर उभं राहून या गोष्टी तपासा.

मोबाईल नेटवर्क: ट्रायचं 'मायस्पीड' अ‍ॅप डाउनलोड करा. प्रत्येक खोलीत, दार बंद करून, वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवर टेस्ट घ्या. सकाळी ११ आणि संध्याकाळी ७ अशा दोन वेळा घ्या, कारण गर्दीच्या वेळी वेग पडतो. जवळ टॉवर कोणते हे दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर दिसतं. मोबाईल कंपन्यांच्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशेही असतात, पण ते घराबाहेरचे समजून बघा. सिमेंटच्या भिंतीआड सिग्नल कमी होतोच.

अपलोड बघा, नुसतं डाउनलोड नको: चांगल्या दर्जाच्या एका व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंना साधारण ३ ते ४ एमबीपीएस लागतात. एकाच वेळी १२ जण कॉलवर असतील तर ४८ एमबीपीएस अपलोड फक्त कॉललाच गेलं.

पिंग आणि जिटर: पिंग म्हणजे तुमचा संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईपर्यंत ७०० किलोमीटर फायबर धरलं तर जाऊन-येऊन १४०० किलोमीटर, म्हणजे निव्वळ ७ मिलिसेकंद. बाकीचा वेळ मधली यंत्रं खातात. त्यामुळे वर्धा 'लांब' आहे म्हणून कॉल अडकतो, हे खरं नाही. कॉल अडकतो जिटरमुळे, म्हणजे पिंग कधी २० तर कधी २०० होतो तेव्हा. म्हणून टेस्ट एकदा घेऊन थांबू नका, दहा मिनिटं सलग घ्या.

दोन लाईन, दोन वाटा: ऑफिसला दोन वेगळ्या कंपन्यांचं कनेक्शन हवंच. पण दोघांच्या केबल एकाच खांबावरून येत असतील तर रस्त्याच्या खोदकामात दोन्ही एकदम तुटतील. केबलवाल्याला विचारा, 'तुमची लाईन कोणत्या बाजूने येते?' हा एक प्रश्न पुढची पन्नास फोनाफोनी वाचवतो. एक लाईन फायबर आणि दुसरी ५जी किंवा वायरलेस असली तरी छोट्या ऑफिसचं भागतं.

एक नवी गोष्टही माहीत असू द्या. ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी स्टार रेटिंग देण्याचे नियम आणले. फ्रीजवर जसे स्टार असतात तसे इमारतीला. मालकासाठी हे ऐच्छिक आहे. रेटिंग नसलेली इमारत वाईट ठरत नाही, पण नव्या इमारतीच्या मालकाला तुम्ही त्याबद्दल जरूर विचारू शकता.

५. वीज आणि आपलं ऊन

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. डिसेंबरमध्ये जागा बघून खूश होऊ नका. सगळ्यात वरचा मजला आहे का, छतावर पत्रा आहे का, पश्चिमेला मोठी काच आहे का, हे बघा. फोनमधल्या कंपासने दिशा लगेच कळते.

आता लोड काढूया. २० लॅपटॉप गुणिले ६५ वॅट, म्हणजे १.३ किलोवॅट. दीड टनाचे चार एसी, प्रत्येकी सुमारे १.६, म्हणजे ६.४ किलोवॅट. दिवे, पंखे, राउटर, प्रिंटर मिळून ०.८. एकूण ८.५ किलोवॅट. मालकाकडून महावितरणचं ताजं बिल मागा. त्यावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो. तिथे ३ किलोवॅट असेल तर भार वाढवायचा अर्ज कोण करणार आणि खर्च कोण देणार, हे आधीच ठरवा. बिलावर मीटर घरगुती आहे की व्यावसायिक हेही कळतं. घरगुती मीटरवर ऑफिस चालवलं तर पुढे फरकाची रक्कम आणि दंड भरावा लागू शकतो.

बॅकअपचा हिशेब: एसी सोडून लॅपटॉप, राउटर आणि दिवे-पंखे असा २ किलोवॅट भार दोन तास चालवायचा तर ४ युनिट वीज साठवायला हवी. १२ व्होल्ट १५० एएचच्या एका बॅटरीत कागदावर १.८ युनिट असते, हाताशी साधारण १.३ येते. म्हणजे चार बॅटऱ्या आणि त्या पेलणारा इन्व्हर्टर. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे पहिला बॅकअप राउटरला द्या. लॅपटॉप चालू आणि नेट बंद, याचा काही उपयोग नाही.

६. कागद खरे आहेत का?

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण कंपनी सगळ्यात जास्त इथेच अडकते.

- जमीन कोणाची: महाभूलेखच्या वेबसाइटवर सातबारा किंवा मिळकत पत्रिका बघा. जो माणूस करार करणार आहे त्याचं नाव तिथे आहे का? नसेल तर त्याच्याकडे मुखत्यारपत्र आहे का? नावं चार भावांची असतील तर चौघांची संमती लागेल.
- वापर कोणता: नगर परिषदेची कर पावती बघा. वापर निवासी लिहिलाय की वाणिज्य? भोगवटा प्रमाणपत्र मागा. मंजूर नकाशात पार्किंग आणि प्रत्यक्षात ऑफिस, अशी जागा सोडून द्या.
- प्रकल्प नवा असेल: ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरच्या आणि ८ पेक्षा जास्त गाळ्यांच्या प्रकल्पाला रेराची नोंदणी लागते. महारेराच्या वेबसाइटवर प्रकल्पाचं नाव टाकून बघा.
- आग: महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा २००६ चा कायदा आहे. तो लागू असलेल्या इमारतींमध्ये यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. शेवटचं कधी दिलं ते विचारा. जिना एकच आहे आणि त्यातच दुकानाचे खोके रचलेत का, हे डोळ्यांनी बघा.
- कंपनीचा पत्ता: कंपनी कायदा २०१३ नुसार स्थापनेपासून ३० दिवसांत नोंदणीकृत कार्यालय दाखवावं लागतं. त्यासाठी मालकाचं ना हरकत पत्र आणि दोन महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं वीज किंवा तत्सम बिल लागतं. नोंदणीकृत कार्यालय आणि काम करायची जागा एकच असली पाहिजे असं नाही. तुम्ही स्वतः स्टार्टअप काढत असाल तर घराचा पत्ताही चालतो. मात्र बाहेर कंपनीच्या नावाची पाटी लावावी लागते.

७. करार आणि पैशांचा हिशेब

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून टाकू' म्हणणाऱ्याला हे कलम दाखवा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ऑनलाइन नोंदणीची सोय आहे.

लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के असतं. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात. आपल्याच उदाहरणात: ४०,००० गुणिले ३६ महिने, म्हणजे १४,४०,०००. डिपॉझिट २,४०,००० असेल तर तीन वर्षांचं मानीव व्याज ७२,०००. एकूण १५,१२,०००, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ३,७८० रुपये. कायदेशीर कराराचा खर्च एवढाच असतो, वर नोंदणी फी.

व्यावसायिक भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ४०,००० वर ७,२००. मालक जीएसटीत नोंदणीकृत नसेल आणि कंपनी असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून हा कर कंपनीने थेट सरकारकडे भरायचा आहे. याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. तसंच २०२५-२६ पासून महिन्याचं भाडं ५०,००० च्या वर असेल तर कंपनीला १० टक्के टीडीएस कापून बाकी भाडं द्यावं लागतं. हे मालकाला आधीच समजावून सांगा, नाहीतर पहिल्याच महिन्यात 'पैसे कमी का आले?' म्हणून वाद होतो. दर बदलत असतात, करारापूर्वी सीएला एकदा विचारा.

करारात तीन शब्द शोधा. 'लॉक-इन', म्हणजे किती महिने सोडता येणार नाही. 'नोटीस', म्हणजे सोडायच्या किती आधी कळवायचं. 'वाढ', म्हणजे दरवर्षी भाडं किती टक्क्यांनी चढणार. नव्या कंपनीने लॉक-इन जेवढं लहान तेवढं बरं. फर्निचर बसवायच्या दिवसांचं भाडं लागणार की नाही, हेही लिहून घ्या.

८. फसवणुकीपासून सावध

फोटो एकदम झकास, भाडं निम्मं, मालक 'सध्या बाहेरगावी' आणि 'टोकन पाठवा, चावी कुरियरने येईल', असं असेल तर थांबा. जाहिरातीतला फोटो गूगल लेन्सने शोधा. तोच फोटो दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत सापडला की विषय संपला. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर स्कॅन करायचा नसतो आणि पिनही टाकायचा नसतो, हे कायम लक्षात ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

९. आता गुण द्या

सॉफ्टवेअरमध्ये असा निर्णय दोन टप्प्यांत घेतात. आधी चाळणी, मग गुण. चाळणीत 'हो' किंवा 'नाही' एवढंच: कागद खरे आहेत? जिना सुरक्षित आहे? मंजूर भार वाढवता येतो? एकही 'नाही' आलं की जागा बाद, मग भाडं कितीही कमी असो. उरलेल्या जागांना प्रत्येक मुद्द्यावर १० पैकी गुण द्या आणि मुद्द्याच्या वजनाने गुणा.

समजा तीन जागा उरल्या. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. वजनं: माणसांची सोय ३५, इंटरनेट २५, वीज १५, भाडं १५, वाढायला जागा १०.

- शहरातला दुसरा मजला: ८, ८, ६, ५, ३. एकूण ६७५.
- सेवाग्राम रोडवरची इमारत: ७, ७, ७, ७, ६. एकूण ६९०.
- देवळी एमआयडीसीतलं शेड: ३, ५, ८, ९, ९. एकूण ५७५.

सेवाग्राम रोड जिंकला? घाई नको. कंपनी म्हणाली, 'आम्हाला पुढे वाढायचं नाहीये, माणसं टिकायला हवीत.' मग वाढीचे १० माणसांकडे द्या. आता शहरातला मजला ७२५, सेवाग्राम रोड ७००. क्रम उलटला! जागा त्याच, गुण तेच, बदललं फक्त कंपनीचं म्हणणं. आणि मशीन लावणारा छोटा उद्योग असेल तर वजनं अशी फिरतील की देवळीचं शेडच पहिलं येईल. म्हणून जागा दाखवायच्या आधी कंपनीकडून वजनं लिहून घ्या. हे गणित गूगल शीट्समध्ये 'समप्रॉडक्ट' या एका फॉर्म्युल्याने होतं, फोनवरसुद्धा.

पहिल्या दोन जागांत इतका कमी फरक असेल तर शीट बंद करा आणि दोन्हीकडे एकेक दिवस बसून काम करून बघा. बाजूला मंगल कार्यालय आहे हे कुठलीच शीट सांगत नाही.

१०. तुम्ही काय करू शकता?

मित्रांनो, मोठ्या शहरात हा डेटा आधीच कोणीतरी भरून ठेवलेला असतो. आपल्याकडे तो भरायचा बाकी आहे, आणि ते काम वर्ध्यात, आर्वीत, हिंगणघाटात राहणारी माणसंच नीट करू शकतात. पुढच्या वेळी 'भाड्याने देणे आहे'ची पाटी दिसली की मालकाला विचारून पाच गोष्टी टिपा: डिजिपिन, कार्पेट एरिया, मंजूर भार, दोन सिमवरची स्पीड टेस्ट आणि दाराचा फोटो. मालकाचा नंबर त्याच्या परवानगीशिवाय कुठे टाकू नका. मॅपवर इमारत नसेल तर ओपनस्ट्रीटमॅपवर ती जोडा, खातं मोफत आहे.

अशा वीस-पंचवीस जागांची स्वच्छ शीट तयार झाली की ती कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला द्या, बाहेर नोकरी करणाऱ्या सीनियरला पाठवा. त्यांच्या कंपनीत 'छोट्या शहरात टीम बसवायची का?' असा विषय निघाला, तर 'वर्ध्यात जागा आहे का?' या प्रश्नाला त्यांच्याकडे पंचवीस ओळींचं उत्तर असेल.

तुमच्या गावातली कोणती जागा या चाळणीतून पार होते, ते तपासून बघा आणि ही माहिती मित्रांनाही नक्की पाठवा.